तूळ आणि मिथुन राशीला अ‍ॅस्पिरिन चालत नाही असं खरंच संशोधन आहे का? बाबांनी गोळी बंद केलीय

वैशाली_कराड
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझे बाबा ६८ वर्षांचे, दिवाळीत त्यांना अ‍ॅटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय. त्याला आता पाच महिने झाले. तेव्हापासून दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली एक अ‍ॅस्पिरिन ७५, शिवाय कोलेस्टेरॉलची रात्रीची आणि बीपीची. तब्येत छान होती, सकाळी चालायला जातात, पथ्य पण पाळतात.

झालं असं की मागच्या आठवड्यात आमच्या आत्यानी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, की इंग्लंडच्या मोठ्या संशोधनात सिद्ध झालंय की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना हार्ट अ‍ॅटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिनचा फायदा होत नाही, उलट नुकसानच होतं. आता बाबांची पत्रिकेतली रास तूळ. आणि कागदोपत्री जन्मतारीख १ जून, म्हणजे इंग्रजी राशीने मिथुन, म्हणजे दोन्हीकडून सापडले. त्यांना आधीच त्या गोळीने पोटात जळजळ होते असं वाटायचं, त्यांना निमित्तच मिळालं. आज कळलं की चार दिवस झाले गोळी घेतलेली नाही. आईने डबीत मोजल्या म्हणून कळलं, ते स्वतःहून सांगत नव्हते.

मी म्हटलं असलं काही संशोधन असूच शकत नाही, तर त्यांनी मला नेटवर शोधून दाखवलं, आणि खरंच लॅन्सेट नावाच्या जर्नलमध्ये तसं काहीतरी छापून आलेलं दिसतंय!! आता मला बोलायला जागाच राहिली नाही. बाबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, नुसतं "डॉक्टर म्हणाले म्हणून घ्या" हे त्यांना पटत नाही, कारण सांगितलं तर पटतं. कोणी समजावून सांगेल का की हे नक्की काय आहे?

डॉ_मिरज
ताई, आधी महत्त्वाचं. बाबांना अ‍ॅस्पिरिन आजच, आत्ताच सुरू करायला सांगा आणि सकाळी उठल्याउठल्या तुमच्या कार्डिओलॉजिस्टना फोन करून चार दिवसांचा खंड पडला हे सांगा. राहिलेल्या चार गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, रोजची एक तेवढीच. मधल्या काळात छातीत दुखलं, दडपण आलं, घाम फुटला, दम लागला तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. दुसरी गोळी तरी चालू आहे ना हे डबी बघून खात्री करा, नुसतं विचारून नको.

कारण सांगतो, मुख्याध्यापकांना सांगा. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. शरीराला ती परकी. तिच्यावर आतून रक्तवाहिनीचं अस्तर चढायला महिने लागतात, तोवर रक्तातल्या प्लेटलेट तिथे चिकटून गुठळी करायला टपलेल्याच असतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटला एकमेकींना हाका मारू देत नाही, ज्या रसायनाने त्या इतर प्लेटलेटना बोलावतात ते बनवायचं यंत्रच कायमचं बंद करते. प्लेटलेटचं आयुष्य साधारण आठ-दहा दिवस, त्यामुळे गोळी बंद केल्यावर रोज थोड्या थोड्या नव्या, न बांधलेल्या प्लेटलेट रक्तात येत राहतात. चार दिवसात बऱ्यापैकी आल्या असणार. स्टेंट अचानक बंद पडणं हा साधा प्रकार नसतो, ज्यांना होतं त्यातले बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचत नाहीत. पोटात जळजळ होत असेल तर त्याला वेगळी गोळी देता येते, ते डॉक्टरांना सांगा, पण ही बंद करायची नाही.

आता त्या संशोधनाबद्दल. तुमच्या बाबांनी शोधलं ते खोटं नाही. ते खरंच छापून आलंय, ऑगस्ट १९८८ च्या लॅन्सेटमध्ये. त्या अभ्यासाचं नाव आयसिस-२. माझ्या मते हृदयरोगाच्या औषधांवरचा आजवरचा सगळ्यात सुंदर अभ्यास तो. १७,१८७ पेशंट, ४१७ हॉस्पिटलं, सगळे अ‍ॅटॅकचा संशय असलेले. कोणाला अ‍ॅस्पिरिन, कोणाला गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, कोणाला दोन्ही, कोणाला दोन्हीच्या नावाखाली खोटी गोळी आणि खोटं सलाईन, आणि कोणाला काय मिळणार हे निव्वळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. पाच आठवड्यांनी मोजलं तर काहीच न मिळालेल्यांत शंभरात १३ दगावले होते आणि दोन्ही मिळालेल्यांत ८. नुसत्या अ‍ॅस्पिरिनचं बघायचं तर ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्के. महिनाभर रोज एक स्वस्त गोळी, आणि मृत्यू जवळपास चौथा हिस्सा कमी. त्याच्या आधी कित्येक ठिकाणी अ‍ॅटॅकच्या पेशंटला अ‍ॅस्पिरिन दिलीच जात नव्हती. आज तालुक्याच्या दवाखान्यात सुद्धा पेशंट आला की पहिली अ‍ॅस्पिरिन चावायला देतात ना, त्यामागे हा अभ्यास आहे.

मग राशीचं काय? तर अभ्यास छापायच्या वेळी जर्नलकडून मागणी आली की वयानुसार, बीपीनुसार, डायबेटिस असलेले नसलेले असे गट पाडून प्रत्येक गटात औषध चाललं का ते दाखवा. ऑक्सफर्डच्या त्या संशोधकांना हे धोक्याचं वाटत होतं, कारण असं चिरत गेलं की आकडे काहीही बोलायला लागतात. म्हणून ते म्हणाले, करतो, पण सगळ्यात आधी आम्ही राशीनुसार गट पाडलेले छापणार. आणि छापले! मिथुन आणि तूळवाल्यांत अ‍ॅस्पिरिन घेऊन मृत्यू ९ टक्के जास्त, बाकीच्या दहा राशींत २८ टक्के कमी. हे त्यांनी मुद्दाम वाचणाऱ्याला सावध करायला टाकलं होतं, की बघा, गट पाडले की असला अर्थहीन निकाल पण निघतो, तेव्हा आमच्या बाकीच्या गटांचे निकाल पण जपून वाचा. तुमच्या आत्यांच्या फॉरवर्डमध्ये फक्त निकाल राहिला आणि इशारा गळून पडला. मला हे वाचून फार वाईट वाटलं, ज्या आकड्याने लोकांना शहाणं करायचं होतं त्यानेच एका स्टेंटवाल्या माणसाची गोळी बंद झाली.

वैशाली_कराड
डॉक्टर मनापासून आभार. आत्ताच गोळी दिली, माझ्यासमोर घेतली. दुसरी चालूच होती, आईने मोजून बघितल्या. सकाळी फोन करते.

बाबांना तुमचं वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न आहे, "मान्य, पण आकडा तर खरा आहे ना? १७ हजार लोकांवर केलेल्या अभ्यासात आलेला आकडा योगायोग कसा?"

आकडेमोड्या
वैशालीताई, बाबांचा प्रश्न एकदम रास्त आहे, आणि याचं उत्तर हिशोब करून देता येतं. मी संख्याशास्त्र शिकवतो, पोरांना हेच उदाहरण देतो. त्यांना वही पेन घेऊन बसवा.

१७,१८७ लोकांचे १२ राशींत वाटे केले तर एका राशीला साधारण १,४३० येतात. निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना खोटी गोळी, म्हणजे सव्वासातशेच्या आतबाहेर प्रत्येकी. आता धरून चाला की औषध सगळ्या राशींना अगदी सारखंच लागू पडतं. मग एका राशीत खोट्या गोळीवाले ८४ च्या आसपास दगावायला पाहिजेत आणि अ‍ॅस्पिरिनवाले ६७ च्या आसपास. फरक १७ चा. पण माणसं मरतात ती काही कोष्टक बघून मरत नाहीत, या फरकात निव्वळ योगायोगाने बारा एक इकडे नाहीतर तिकडे सहज होतात. म्हणजे एखाद्या राशीत फरक १७ ऐवजी ३० दिसेल, एखादीत ५, आणि एखादीत उलटा, अ‍ॅस्पिरिनवालेच जास्त. अशी उलटी पडायची शक्यता कोणत्याही एका राशीपुरती साधारण चौदात एक. राशी किती? बारा. म्हणजे औषध सगळ्यांना शंभर टक्के सारखं चालत असताना सुद्धा एखादी तरी रास उलटी निघायची शक्यता निम्म्याहून जास्त, फक्त कोणती ते आधी सांगता येत नाही. नंतर बघून दोन उलट्या राशी बाजूला काढल्या आणि त्यांची मोट बांधली की झाली "मिथुन आणि तूळ".

अभ्यास १७ हजारांचा होता म्हणून मोठा. पण तूळवाल्यांचा अभ्यास १७ हजारांचा नाही, तो चौदाशेचाच आहे. संपूर्ण कलिंगड गोड आहे का हे कळायला कापलं, आणि मग एका बीजवळचा कण चाखून म्हणायचं फिकं आहे, तसं झालं.

मुख्याध्यापक आहेत म्हणून अजून एक सुचवतो. घरात एक नाणं घ्या आणि बारा कागदांवर बारा राशी लिहून प्रत्येकीसाठी दहा वेळा उडवा. कुठल्यातरी राशीला आठ किंवा जास्त छापे यायची शक्यता जवळपास निम्मी. त्या राशीचा आणि नाण्याचा काय संबंध?

पुनर्वसू
वा, विषय माझ्या आवडीचा निघाला. मी नाशिकचा, डॉक्टर वगैरे नाही, पंचवीस वर्षं दुर्बिणीतून आकाश बघतोय. दोन गोष्टी सांगायच्यात, जरा लांबेल.

पहिली, बाबा त्या गटात बसतात की नाही हेच नक्की नाही. इंग्लंडच्या त्या राशी जन्मतारखेवरून, म्हणजे सूर्य कुठे होता त्यावरून. आपली पत्रिकेतली रास चंद्राची. चंद्र दर सव्वादोन दिवसांनी रास बदलतो, त्यामुळे वर्षातल्या कुठल्याही महिन्यात तूळ रास येऊ शकते. त्यात आणखी एक, पाश्चात्त्य राशी वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या जागेपासून मोजतात आणि आपल्याकडे ताऱ्यांपासून, पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो त्यामुळे या दोन मोजणीत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय. म्हणूनच सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तीळगूळ वाटतो १४ जानेवारीला. आणि तुम्ही १ जून म्हणालात ना, ताई, बाबांच्या वयाच्या गावाकडच्या निम्म्या लोकांची तारीख १ जूनच असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. खरा जन्म कधीचा ते विचारा बरं.

दुसरी गोष्ट, मिथुन आणि तूळ या राशींत खरोखर काय आहे ते सांगतो, कारण ते या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि आकडेमोड्या म्हणतात तोच धडा तिथेही आहे.

मिथुनेत आपलं पुनर्वसू नक्षत्र, दोन तारे शेजारी शेजारी, त्यातला जास्त तेजस्वी तो पॉलक्स. आपल्यापासून ३४ प्रकाशवर्षं. त्याच्याभोवती गुरूपेक्षा जड एक ग्रह फिरतोय, २००६ मध्ये पक्कं झालं, त्याचं वर्ष आपल्या ५९० दिवसांचं. तो ग्रह कोणी डोळ्यांनी बघितलेला नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढेमागे डुलतो आणि त्याचा प्रकाश त्यामुळे थोडा निळ्याकडे थोडा तांबड्याकडे सरकतो, ते वर्षानुवर्षं मोजून काढलं. आपल्या सूर्याला गुरू सेकंदाला साडेबारा मीटरने डुलवतो, पृथ्वी मात्र सेकंदाला ९ सेंटिमीटर. नऊ सेंटिमीटर! मुंगीच्या चालीने डुलणारा तारा, आणि तो तारा स्वतः उकळतोय, त्यावर डाग आहेत, तो गिरक्या घेतोय.

आता तूळ. तुळेत ग्लिझ ५८१ नावाचा एक मंद तांबडा तारा आहे, २० प्रकाशवर्षांवर. २०१० मध्ये एका अमेरिकन टीमने जाहीर केलं की त्याच्याभोवती एक ग्रह सापडलाय, ना फार गरम ना फार थंड, पाणी असू शकेल असा. जगभर पेपरात आलं. मी तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये त्याच्यावर तासभर बोललो होतो, पोस्टर केलं होतं. आणि २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की तिथला आधीचा एक ग्रह, ६६ दिवसांचा, तो ग्रहच नव्हता, ताऱ्याला गिरकी घ्यायला १३० दिवस लागतात आणि त्याच्या चुंबकीय डागांनी त्याच्या निम्म्या अवधीत तसा सिग्नल उमटत होता. तो गेला आणि त्याच्या जोडीने हा राहण्याजोगा ग्रह पण गेला. म्हणजे तूळ राशीतला तो ग्रह तूळ राशीच्या अ‍ॅस्पिरिनसारखाच निघाला, गोंगाटात दिसलेला आकार.

हे पहिल्यांदा झालं असं पण नाही. १८५५ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत कॅप्टन जेकब म्हणून कंपनीचा अधिकारी होता, त्याने भुजंगधारी तारकासमूहातल्या एका जोडताऱ्याच्या कक्षेत गडबड बघून लिहिलं की तिथे ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. आपल्या देशातून केलेला परग्रहाचा दावा, एकशे सत्तर वर्षांपूर्वी! तो ग्रहही नव्हता. पण माणसाने ज्या साधनांनी ते मोजायचा प्रयत्न केला ते बघून मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

म्हणून मग केप्लर दुर्बीण २००९ मध्ये अंतराळात गेली तेव्हा त्या लोकांनी आधीच बसून हिशोब केला. दीड लाखाच्या वर तारे, प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश वर्षानुवर्षं अर्ध्या अर्ध्या तासाने मोजायचा, आणि ग्रह समोरून गेला की किती अंधार होतो बघायचं. पृथ्वीएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गेला तर दहा लाखात ८४ भाग, बस. एवढ्या ताऱ्यांत, एवढ्या वेगवेगळ्या कालावधींत शोधायचं म्हणजे नुसत्या योगायोगाने हजारो खोटे ग्रह दिसणार. म्हणून त्यांनी अट घातली, निदान तीन वेळा तसाच अंधार झाला पाहिजे आणि सिग्नल गोंगाटाच्या ७.१ पट तरी पाहिजे. ७.१ का, तर अख्ख्या मोहिमेत योगायोगाचा इशारा एकाहून जास्त येऊ नये म्हणून. जितक्या जागी शोधाल तितका पुरावा कडक मागायचा. आयसिसवाले डॉक्टर आणि केप्लरवाले एकाच शाळेतले वाटतात मला.

सुमेधा_ठाणे
पुनर्वसू काका किती छान लिहिलंत. मग ते सिंहेतल्या के२-१८बी वर जीवसृष्टीची खूण सापडली म्हणून एप्रिल २०२५ मध्ये बातम्या आल्या होत्या, ते पण असंच का? माझी मुलगी तेव्हापासून तेच बोलते

पुनर्वसू
@सुमेधा, तो ग्रह खरा आहे, १२४ प्रकाशवर्षांवर, त्यात वाद नाही. वाद त्याच्या हवेतल्या वायूचा आहे. केंब्रिजचे मधुसूदन आणि त्यांच्या टीमने जेम्स वेब दुर्बिणीच्या मोजणीत डायमिथाइल सल्फाइडची खूण दिसली असं म्हटलं, आपल्याकडे समुद्रातल्या सूक्ष्मजीवांमुळे तो वायू तयार होतो. पण त्यांनीच सांगितलं होतं की पुरावा ३ सिग्माचा आहे (सिग्मा म्हणजे निकाल योगायोगापासून किती दूर आहे त्याचं माप) आणि शोध म्हणायला ५ लागतात. नंतर दुसऱ्यांनी तीच मोजणी वेगळ्या पद्धतीने तपासली तर खूण फार कच्ची निघाली. मुलीला सांगा की अजून वेळ घेऊन बघावं लागणार आहे, आणि बघायचं काम तिच्या पिढीलाच करायचंय.

जोशी_गुरुजी_वाई
मी पत्रिका बघतो, त्यामुळे इथे बोलू का नको असं झालं. पण बोलतो. पत्रिकेवर माझी श्रद्धा आहे, ती कोणावर लादत नाही. पण वैशालीताई, वडिलांना सांगा की माझ्याकडे चाळीस वर्षं लोक येतात, आजारी माणूस आला की मी पहिला प्रश्न विचारतो डॉक्टरांना दाखवलंत का, आणि औषध सोडा असं मी आजवर एकालाही सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांनीही मला हेच शिकवलं. राशीच्या नावाने कोणी औषध सोडायला सांगत असेल तर तो शास्त्राचाही अपमान आहे आणि आमच्याही.

कोथरूड_जुना
गुरुजींचा प्रतिसाद आवडला, मतभेद असले तरी. माहिती म्हणून सांगतो, आपल्या महाराष्ट्रातच याची रीतसर चाचणी झालेली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमारास केली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, जन्मवेळेसकट. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं, प्रत्येकाला चाळीस पत्रिका पाठवल्या आणि विचारलं कुठली कोणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून जेवढी बरोबर आली असती त्याहून जास्त काही आली नाहीत. नारळीकर सरांनी ते करंट सायन्स या जर्नलमध्ये छापलं. मी तेव्हा त्यांच्या एका व्याख्यानाला होतो, त्यांनी कोणाची टिंगल केली नव्हती, फक्त आकडे मांडले आणि बसले.

मेघना_आर
एक शंका. गट पाडायचेच नाहीत असं म्हणायचंय का सगळ्यांना? माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन बंद करायला सांगितली, म्हणाले तुम्हाला गरज नाही. आणि बाईच्या हार्टचा आजार वेगळा असतो असं पण वाचलंय. मग हे सगळं गट पाडूनच कळलं ना?

डॉ_मिरज
मेघनाताई फार चांगला प्रश्न. गट पाडायचे, पण आधी ठरवून, कारण सांगून, आणि दुसऱ्या अभ्यासात परत तपासून.

तुमच्या सासूबाईंचं आधी सांगतो, अर्थात मी त्यांना तपासलेलं नाही. ज्यांना अ‍ॅटॅक आलेला नाही, स्टेंट नाही, पक्षाघात नाही, त्यांना "पुढे होऊ नये म्हणून" अ‍ॅस्पिरिन द्यायची का, यासाठी वेगळेच मोठे अभ्यास केले, कुठल्या तरी जुन्या अभ्यासाचा तुकडा उचलून नाही. २०१८ मध्ये अ‍ॅस्प्री नावाचा आला, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ वयस्क निरोगी लोक, त्यांच्यात हृदयाला खास फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून आता तशा वयस्क लोकांची बंद करतात. वैशालीताईंचे बाबा त्यात येत नाहीत, त्यांना आजार झालेला आहे आणि स्टेंट आहे, हे दोन्ही वाचून कोणी घोळ करू नका प्लीज.

आणि चुकीचा गट पाडला तर काय होतं याचं उदाहरण राशीचं नाही, बायकांचंच आहे, आणि ते वाचून मला अजून राग येतो. १९७८ मध्ये कॅनडात एक अभ्यास झाला, पक्षाघाताची पूर्वसूचना येऊन गेलेले ५८५ पेशंट. अ‍ॅस्पिरिनचा पुरुषांना भरपूर फायदा दिसला, बायकांना दिसला नाही. बायकांची संख्या कमी होती, त्यांच्यात घडलेल्या घटना कमी होत्या, म्हणजे आकडेमोड्यांनी सांगितलेला बीजवळचा कण. पण इथे "बायकांचं शरीर वेगळं" हे ऐकायला पटण्यासारखं होतं, राशीसारखं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. अमेरिकेत १९८० मध्ये त्या कामासाठी अ‍ॅस्पिरिनला मान्यता दिली ती फक्त पुरुषांसाठी. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तर ज्यांना आजार होऊन गेलाय अशा बायकांना पुरुषांइतकाच फायदा होतो असं दिसलं. मधली वर्षं किती बायकांना ती साधी गोळी मिळाली नसेल. तूळ राशीचं निदान कोणाला खरं वाटू नये म्हणून छापलं होतं, हे तर खरं वाटलं.

आकडेमोड्या
डॉक्टर हे उदाहरण मला माहीत नव्हतं, उद्याच्या तासाला घेतो. पटण्यासारखं कारण नंतर सुचणं फार सोपं असतं, पोरांना हेच सांगून थकतो.

पुनर्वसू
चुकल्यावर काय करायचं याचंही एक उदाहरण लिहायचं राहिलं म्हणून परत आलो. १९९१ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू लाइन यांनी एका पल्सारभोवती सहा महिन्यांचं वर्ष असलेला ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, घड्याळासारखे ठोके देणारा, आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतून पण त्यांचे ठोके मोजतात. नंतर लाइन यांच्याच लक्षात आलं की पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा पूर्ण गोल नाही याची दुरुस्ती हिशोबात नीट धरलेली नव्हती. ग्रह नव्हता, ती आपलीच पृथ्वी होती. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आम्ही चुकलो. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आणि त्याच बैठकीत वोल्शचान यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे ग्रह मांडले, आणि ते आजही टिकून आहेत. मला कोणी विचारलं विज्ञान म्हणजे काय तर मी हीच सभा सांगतो.

वैशाली_कराड
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. कार्डिओलॉजिस्टशी बोलणं झालं, ते चिडले थोडे पण नीट समजावलं, ईसीजी काढून घेतला, ठीक आहे. जळजळीसाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिलीय. अ‍ॅस्पिरिन परत चालू. आता आईने डबीवर वारांची नावं लिहिलीत आणि बाबा स्वतः खूण करतात.

काल संध्याकाळी त्यांना हे सगळं वाचून दाखवलं, दोन तास लागले, मधे मधे थांबवून विचारत होते. आकडेमोड्यांचा हिशोब त्यांनी वहीत स्वतः करून बघितला. आणि खरंच नाणं उडवत बसले, माझ्या मुलाला मांडायला बसवलं. कन्या राशीला दहापैकी नऊ छापे आले!! मुलगा म्हणाला आजोबा आता कन्यावाल्यांनी काय करायचं? ते म्हणाले काही नाही, परत उडवायचं. परत उडवलं तर चार आले.

आणि पुनर्वसू काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. १ जून गुरुजींनीच लावलेली. आजी सांगायची म्हणे की जन्म श्रावणातला, शितळा सप्तमीचा, घरात त्या दिवशी चूल पेटवायची नव्हती आणि सुईणीला गरम पाणी पाहिजे होतं, त्यावरून धावपळ झालेली. म्हणजे मिथुन नाहीतच ना ते?

पुनर्वसू
श्रावण शुद्ध सप्तमी म्हणजे इंग्रजी तारीख जुलै अखेर ते ऑगस्टच्या विशीपर्यंत कुठेतरी. त्यांच्या मोजणीने सिंह. चंद्र त्या तिथीला तुळेत असू शकतो, पत्रिका जुळते. थोडक्यात त्या अभ्यासाने ज्या दहा राशींना २८ टक्के फायदा झाला म्हटलं त्यांच्यात बाबा येतात, पण हे कारण देऊन त्यांना गोळी देऊ नका, नाहीतर परत तिथेच येऊ :)

वैशाली_कराड
नाही नाही, तेवढं त्यांना आता कळलंय. हा मुद्दा मी वाचायच्या आधीच ते म्हणाले, सिंह निघाली म्हणून आनंद मानायचा नाही. आत्याला पण त्यांनीच फोन केला आणि नीट समजावलं, भांडण नाही झालं. आत्यानी ग्रुपवर लिहिलं की आधीचा निरोप चुकीचा होता, कोणी औषध बंद केलं असेल तर चालू करा. तिला खरंच काळजी होती म्हणून टाकला होता तिने.

एक शेवटचं. बाबांना तो पुनर्वसूतला ग्रहवाला तारा बघायचाय. आमच्या गच्चीवरून दिसेल का, आणि दोनातला नेमका कुठला?

पुनर्वसू
आत्ता तर अगदी योग्य दिवस आहेत. पाडव्याच्या आसपास रात्री आठला गच्चीवर आडवे पडा, जवळजवळ डोक्यावरच आहे. आधी मृग शोधा, पश्चिमेकडे झुकलेला असेल. त्यातला निळसर पांढरा राजन्य आणि तांबडा काक्षी यांना जोडणारी रेघ काक्षीच्या पुढे तशीच वाढवत न्या, दोन तारे शेजारी शेजारी दिसतील, साधारण सारखेच वाटतील. जरा वेळ बघत राहिलं की लक्षात येईल, एक पांढरा आहे आणि दुसरा किंचित जास्त तेजस्वी, पिवळसर केशरी. तो पॉलक्स. जो प्रकाश बाबांच्या डोळ्यात शिरेल तो ३४ वर्षांपूर्वी निघालाय, लाइन त्या सभेत उभे राहिले होते साधारण त्या सुमाराला.

डॉ_मिरज
आणि जिना हळू चढायचा म्हणावं. गोळी घेऊन.